वैताग आणि त्याचा पत्ता

श्रोतेहो, आपल्या वाङ्मयांत क्रोधाला मोठा मान आहे. दुर्वासाचा क्रोध, परशुरामाचा क्रोध, भीमसेनाचा क्रोध यांच्या कथा पुराणांतून आणि कीर्तनांतून आपण ऐकत आलों आहों. परंतु ज्याला आपण वैताग म्हणतों, त्या बापड्या विकाराची कथा सांगावयास कोणी कीर्तनकार उभा राहिल्याचें ऐकिवांत नाहीं. याचें कारण उघड आहे. क्रोध ही प्रसंगाची गोष्ट आहे. वैताग ही रोजची आहे. पहाटे नळाला पाणी आलें नाहीं, लिफ्ट बंद म्हणून सात मजले पायांनीं उतरावे लागले, स्थानकावर पोंचतांच गाडी वीस मिनिटें उशिरा असल्याची घोषणा कानीं पडली, आणि ज्या दाखल्यासाठीं कचेरींत तिसरी खेप घातली तो 'साहेब रजेवर आहेत' या तीन शब्दांवर अडून राहिला. अशा माणसाच्या मनांत जें दाटून येतें त्याला दुर्वासाचा क्रोध म्हणतां येणार नाहीं. दुर्वासापुढें शाप घ्यावयास कोणी तरी उभें असे. याच्यापुढें कोण आहे? यानें शाप द्यावा तो नळाला, लिफ्टला, कीं साहेबांच्या रिकाम्या खुर्चीला?

हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी विषयाचें मर्म त्यांतच आहे. राग कोणावर तरी असतो. वैतागाला बहुधा पत्ता नसतो. पत्ता नसलेलें पत्र जसें भलत्याच्याच दारांत जाऊन पडावें, तसा हा वैताग भलत्याच्याच डोक्यावर जाऊन पडतो. तेव्हां वैताग म्हणजे काय, तो कशानें येतो आणि तो योग्य ठिकाणीं कसा पोंचवावा, या तीन गोष्टींचा आज थोडा विचार करूं.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. या बाबतींत मराठी भाषेनें मोठी बारकाई दाखविली आहे. राग माणसाचा येतो, चीड अन्यायाची येते. कंटाळा कांहीं घडत नाहीं म्हणून येतो. वैताग तेंच तें पुनःपुन्हां घडतें म्हणून येतो. त्रागा म्हणजे दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढून तो दुसऱ्याला दाखविणें. भरल्या पानावरून न जेवतां उठणें हा त्याचा घरगुती नमुना होय. आतां या विकारांचे वाक्प्रचार समोरासमोर ठेवा. क्रोधाचे वाक्प्रचार कोणते? हात उगारणें, दांतओठ खाणें, डोळे वटारणें, अंगावर धांवून जाणें. आणि वैतागाचे? हात टेकणें, कपाळाला हात लावणें, नाकीं नऊ येणें, जीव मेटाकुटीस येणें. पहिल्या यादींतलें शरीर पुढें सरसावतें. दुसऱ्या यादींतलें शरीर खालीं बसतें. क्रोधांत बळ उसळतें, तर वैतागांत बळ संपत आलेलें असतें. म्हणून वैतागलेल्या माणसाला 'शांत हो' असें सांगणें व्यर्थ आहे. तो अशांत आहे त्याहून अधिक थकलेला आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. त्या यादींत वैताग या नांवाचा भाव नाहीं; परंतु त्याचे घटक मात्र तेथें आहेत. तेहतिसांपैकीं श्रम, अमर्ष आणि निर्वेद हे तीन घ्या. श्रम म्हणजे थकवा. अमर्ष म्हणजे झालेली अवहेलना सहन न होणें. आणि निर्वेद म्हणजे 'आतां कांहींच नको' ही विटलेली वृत्ति. हे तीन एकत्र आले कीं आपला रोजचा वैताग तयार झाला असें समजावें. ही फोड केवळ पंडितांच्या उपयोगाची नाहीं. ज्याच्या वैतागांत श्रम अधिक, त्याला विसांवा हवा असतो. ज्याच्या वैतागांत अमर्ष अधिक, त्याला दाद हवी असते. निर्वेद अधिक असेल तर धीर हवा असतो. आपण मात्र तिघांनाही एकच औषध पाजतों : 'एवढं चिडायला काय झालं?' या प्रश्नानें श्रम कमी होत नाहीं, निर्वेद जात नाहीं, आणि अमर्ष तेवढा दुणावतो.

आतां वैताग येतो कशानें तें पाहूं. तेंच तें घडणें एवढेंच त्याचें कारण असतें, तर जात्यावर रोज तेंच दळण दळणाऱ्या बायकांनीं त्या जात्यावर ओव्या गाइल्या नसत्या, आणि माळकऱ्यानें तेंच नाम जन्मभर घेतलें नसतें. पुनरावृत्तीनें माणूस विटतो तो तिला फळ नसलें कीं. दळणारीला पीठ दिसत असतें. ज्याचें पीठ कधीं पडतच नाहीं असें दळण माणसाला सोसत नाहीं. 'पालथ्या घड्यावर पाणी' आणि 'ये रे माझ्या मागल्या' या म्हणी अशाच दळणांतून निघाल्या असल्या पाहिजेत.

या पुनरावृत्तींत अनिश्चिततेची भर पडली कीं दुःख आणखी वाढतें. डेव्हिड मेस्टर यांनीं १९८५ सालीं रांगेंत तिष्ठणाऱ्या माणसांच्या मनःस्थितीवर एक निबंध लिहिला. त्यांतील दोन निष्कर्ष कोणाही प्रवाशाला पटतील असे आहेत. किती वेळ लागेल हें ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठाऊक असलेल्या प्रतीक्षेपेक्षां लांब वाटते; आणि जिचें कारण सांगितलें जात नाहीं ती प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षां लांब वाटते. गाडी वीस मिनिटें उशिरा आहे हें कळलें तर माणूस वर्तमानपत्र उघडतो. ती केव्हां येईल हें कोणीच सांगत नसेल तर तो दर अर्ध्या मिनिटाला फलाटाच्या कडेशीं जाऊन रुळांकडे पाहतो.

याहून मार्मिक असा एक प्रयोग अमेरिकेंत झाला. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनीं शहरांतील ताणांवर केलेलें संशोधन १९७२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. कांहीं माणसांना त्यांनीं खोलींत बसवून मधूनमधून, कोणताही नेम नसलेला, कर्कश आवाज ऐकविला. त्यांतल्या कांहींजणांच्या हाताशीं एक बटण ठेवलें आणि सांगितलें, 'असह्य झालें तर हें दाबा, आवाज थांबेल. पण शक्य तों दाबूं नका.' बहुतेकांनीं तें दाबलें नाहीं. म्हणजे आवाज दोन्ही गटांनीं सारखाच सोसला. परंतु पुढें त्यांना कोडीं सोडवावयास आणि मुद्रितें तपासावयास दिलीं, तेव्हां ज्यांच्यापाशीं बटण होतें त्यांनीं चिकाटी अधिक दाखविली आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. बिनबटणाचे लोक लवकर हात टेकून बसले. श्रोतेहो, माणसाला मोडतो तो केवळ त्रास नव्हे. या त्रासावर आपला कांहींएक इलाज चालत नाहीं, ही जाणीव त्याला मोडते.

हें बटण लक्षांत ठेवून आपण आपल्या नवी मुंबईकडे पाहूं. हें शहर एका मोठ्या वैतागाच्या पोटीं जन्मास आलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मुंबई बेट दक्षिणोत्तर लांबट. कचेऱ्या दक्षिण टोंकाला आणि वस्ती उत्तरेकडे. त्यामुळें सकाळीं सारी गर्दी एका दिशेला आणि सायंकाळीं तीच उलट दिशेला. यावर उपाय म्हणून चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनीं १९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांतून खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० सालच्या मार्च महिन्यांत सिडकोची स्थापना झाली आणि पंचाण्णव गांवांच्या सुमारें ३४४ चौरस किलोमीटर प्रदेशावर या शहराची आंखणी सुरू झाली. रुंद रस्ते, आंखीव विभाग, टेंकड्या आणि खाडी यांचें सान्निध्य, अशा कितीतरी चांगल्या गोष्टी येथें झाल्या, हें कोणीही मान्य करील. पण वाट पाहण्याचा अभ्यासही या शहरानें आपणांकडून भरपूर करवून घेतला. खाडीवरचा पहिला पूल १९७०च्या दशकाच्या आरंभीं झाला. लोकलगाडी वाशीस पोंचावयास मात्र १९९२ साल उजाडावें लागलें. बेलापूर ते पेंधर हा अकरा किलोमीटरांचा मेट्रोमार्ग २०११ सालीं आरंभला आणि २०२३ सालच्या नोव्हेंबरांत प्रवाशांना खुला झाला. या बारा वर्षांत खारघरच्या रहिवाशांनीं डोक्यावरचे खांब पाहिले, खांबांवरचा मार्ग पाहिला, मार्गावर उभे केलेले डबे पाहिले. गाडीत बसण्याचा योग तेवढा आला नाहीं. त्या काळांत वैतागून शाप द्यावयाचा तरी कोणाला? खांबांना?

ज्या वैतागाला पत्ता नाहीं तो आपला पत्ता स्वतःच शोधतो, आणि बहुधा चुकीचा शोधतो. 'वड्याचें तेल वांग्यावर' ही म्हण आपण हंसत वापरतों. पण तींत मानसशास्त्राचा एक अध्याय आहे. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत जॉन डॉलर्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं १९३९ सालीं याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. मार्गांत अडथळा आला कीं आघात करण्याची वृत्ति बळावते, आणि खऱ्या अडथळ्यावर आघात करणें शक्य नसलें तर तो दुसऱ्या कोणावर तरी वळतो, असें त्यांनीं मांडलें. त्यांच्या सिद्धांताला पुढें पुष्कळ मर्यादा घालाव्या लागल्या. परंतु हें वळणें मात्र आपण रोज पाहतों. पनवेलहून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारा मनुष्य सव्वा तासाहून अधिक वेळ गाडींत काढतो, तितकाच वेळ येतांना काढतो. वाटेंत त्याच्या पायावर पाय पडले, कचेरींत वरिष्ठानें शब्द टाकला, परततांना गाडी मानखुर्दच्या पुढें खाडीच्या पुलावर थांबून राहिली. यांपैकीं कोणालाही तो कांहीं बोलूं शकला नाहीं. मग तो बोलतो कोणाला? रिक्षावाल्याला, इमारतीच्या दरवानाला, दूरध्वनीवर तक्रार टिपून घेणाऱ्या पोरसवदा मुलीला, आणि शेवटीं घरीं येऊन बायकोला व गणित चुकलेल्या मुलाला. नीट पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येईल. वैताग पाण्यासारखा असतो. तो नेहमीं उताराकडे वाहतो. जो आपल्याहून वर आहे त्याच्याकडे तो चढत नाहीं. जो उलट बोलूं शकत नाहीं त्याच्याच अंगणांत तो सांचतो. आणि ती गृहिणी? तिचा वैताग कोठें जावा? तो भांड्यांच्या आदळआपटींतून ऐकूं येतो, किंवा 'लेकी बोले सुने लागे' या न्यायानें भिंतीला सांगितला जातो.

यावर कोणी म्हणतात, 'मनांत ठेवूं नका, ओरडून मोकळे व्हा, उशी बडवा.' हा सल्ला ऐकावयास गोड आहे. पण तो कसोटीला उतरलेला नाहीं. ब्रॅड बुशमन यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यानें आपल्याला डिवचलें त्याचें चिंतन करीत ज्यांनीं पोतें बडविलें, त्यांचा राग शांत होण्याऐवजीं वाढलेला आढळला. जे नुसते स्वस्थ बसले ते अधिक शांत राहिले. आदळआपट हा रागाचा निचरा नसून त्याची तालीम आहे, असा याचा अर्थ. याच्या उलट तोंड दाबून बसणें हेंही खरें औषध नव्हे. कारण मग नळाचें पाणी आणि बंद लिफ्ट जेथल्या तेथेंच राहतात. मोकळें तर व्हावयाचें, पण रीतीनें व्हावयाचें, अशी ही दुहेरी अडचण आहे.

यांतून वाट काढण्याची एक रीत आपल्या संतांनीं दाखवून दिली आहे. जनाबाई विठ्ठलाशीं भांडली, तुकोबांनीं त्याला बोल लावले, नामदेव त्याच्यावर रुसले. हीं भांडणें भक्तीच्या आड आलीं नाहींत. उलट तीं भक्तीचाच भाग ठरलीं. कारण तीं ऐकणाऱ्यासमोर उभें राहून केलेलीं होतीं. ज्याच्याकडून अपेक्षा आहे त्यालाच तोंडावर सांगणें, यांत त्याच्यावरचा विश्वास असतो. ज्या घरांत बायको नवऱ्याला 'मी दमलें आहे. उद्यांपासून पाणी तुम्हीं भरा' असें सांगूं शकते, त्या घरांत भांडीं कमी आपटतात. तिचें हें वाक्य पाहा. त्यांत पत्ता आहे, कारण आहे आणि मागणी आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागणीवांचून बोललेला वैताग हें नुसतें रडगाणें होतें, आणि रडगाणें ऐकणारा लवकरच कान मिटून घेतो.

घरांत जें खरें तें गांवांतही खरें आहे, आणि याचा दाखला आपल्या याच भूमींत घडलेला आहे. नवें शहर ज्या पंचाण्णव गांवांच्या जमिनीवर उभें राहिलें, त्या गांवांतील आगरी, कोळी, कराडी कुटुंबांची भातशेती गेली, मिठागरें गेलीं, खाडींतली मासेमारी आंखडत गेली. पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर उभें राहिलेल्या माणसाला मोबदल्यासाठीं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. या लोकांचा वैताग आपल्या गाडीच्या उशिरापेक्षां किती खोल असेल, याची कल्पना करावी. तो दारूच्या गुत्त्यांत आणि घरांतल्या भांडणांत विरून जाणें सोपें होतें. पण दि. बा. पाटील यांच्यासारख्या नेत्यांनीं त्याला पत्ता दिला आणि मागणी दिली : योग्य मोबदला, आणि विकसित झालेल्या जमिनींत आमचा वांटा. सभा झाल्या, अर्ज झाले, मोर्चे झाले. ऐकणाऱ्यानें वेळेवर ऐकलें नाहीं. १९८४ सालच्या जानेवारी महिन्याच्या १६ आणि १७ या तारखांना उरण तालुक्यांत शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पांच माणसें प्राणास मुकलीं. पुढें १९९० सालीं शासनानें निर्णय केला कीं, संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकांना परत द्यावी. आज येथें ज्याला त्याला तोंडपाठ असलेला 'साडेबारा टक्के' हा शब्द अशा रीतीनें आला आहे. त्याच्या अंमलबजावणीविषयीं गाऱ्हाणीं पुढेंही चालूच राहिलीं. पण मूळ तत्त्व मान्य झालें. या इतिहासापासून दोन धडे मिळतात. पत्ता आणि मागणी असलेला वैताग वांया जात नाहीं, हा एक. आणि वैताग जेव्हां नुसता अर्जांत असतो तेव्हांच तो ऐकणें स्वस्त असतें, हा दुसरा. चौदा वर्षें न ऐकण्याची किंमत पांच घरांनीं मोजली.

मघाशीं सांगितलेल्या प्रयोगांतील बटण नागरिकाच्या हातीं द्यावें, याच हेतूनें पुढें कांहीं कायदे झाले. २००५च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें साध्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मागण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या २०१५ सालच्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली, ती देणारा अधिकारी ठरवून दिला, आणि तो चुकल्यास अपील कोणाकडे करावें हेंही ठरवून दिलें. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं जिल्ह्याच्या ठिकाणीं भरणारा लोकशाही दिन याच जातीचा. हे उपाय जादूचे नव्हेत. त्यांनाही खेपा लागतात. पण 'साहेब रजेवर आहेत' या भिंतीला त्यांनीं दार पाडलें आहे. तक्रार लिहितांना मात्र वैतागाची भाषा बाहेर ठेवावी. एका अर्जांत एकच गोष्ट लिहावी. कोणत्या दिवशीं, कोठें, काय झालें तें सांगावें. काय व्हावयास हवें तें एका वाक्यांत मागावें. आणि पोंच घेतल्यावांचून खिडकी सोडूं नये. 'तुमचा कारभारच असला' हें वाक्य लिहितांना बरें वाटतें, परंतु त्याला उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच येत नाहीं. 'अमुक गल्लींतील दिवा अमुक तारखेपासून बंद आहे' या वाक्याला उत्तर द्यावेंच लागतें.

आतांपर्यंत वैतागणाऱ्याला पुष्कळ उपदेश झाला. ऐकणाऱ्यालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपण सर्वच केव्हां ना केव्हां खिडकीच्या त्या बाजूला बसलेले असतों. अधिकारी असा, शिक्षक असा, सोसायटीचे चिटणीस असा, कीं घरांतले वडील असा. समोरचा मनुष्य आवाज चढवून बोलूं लागला तर तो आपल्यावरच संतापला आहे असें समजूं नये. तो अनेक खिडक्यांवरून परत आलेला असतो, आणि तुमची खिडकी केवळ शेवटची असते. त्याला पहिल्या प्रथम तुमची दिलगिरीही नको असते. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोंत' ही घोषणा आपण इतक्या वेळां ऐकली आहे कीं तिच्यांतली दिलगिरी झिजून गेली. त्याला हवीं असतात तीं दोन उत्तरें : हें असें कां झालें, आणि केव्हां सुधारेल. तीं ठाऊक नसतील तर 'चौकशी करून अमुक वाजतां सांगतों' असें म्हणावें, आणि त्या वेळीं खरोखरच सांगावें. एवढ्यानें नळाला पाणी येत नाहीं. पण आपली हांक कोणाच्या तरी कानीं गेली, हें माणसाला कळतें.

आणि जेथें पत्ताच नाहीं, अर्ज करावयास कचेरी नाहीं आणि भांडावयास विठ्ठलही जवळ नाहीं, तेथें काय करावें? आषाढांतल्या भर पावसांत बस चुकली तर अर्ज कोणाला करणार? त्यासाठीं आपल्या पूर्वजांनीं एक म्हण करून ठेविली आहे : 'अति झालें आणि हसूं आलें.' थांब्यावर भिजत उभे असलेले दोन अनोळखी प्रवासी एकमेकांकडे पाहून जेव्हां हंसतात, तेव्हां बस येत नाहीं हें खरें. पण वैताग एकट्याचा होता तो दोघांचा होतो, आणि दोघांत वांटलेलें ओझें एकट्यानें वाहिलेल्या ओझ्याइतकें जड नसतें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, वैताग आला म्हणून लाजूं नये. तो थकलेल्या आणि अजून आशा न सोडलेल्या माणसालाच येतो. फक्त तो कोणाच्या दारांत टाकावयाचा, हें टाकण्यापूर्वीं एकदां पत्ता वाचून पाहावें.